नावामागून येणारा शब्द

सांगली,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

अहो,

सप्रेम जय जिनेंद्र.

मायन्यात काय लिहावं ह्याचा विचार करता करता चहा गार झाला. तिकडे महाराजांच्या संघात ब्रह्मचाऱ्यांना म्हणतात तसं सगळे तुम्हाला भैयाजी म्हणतात. सुंदरीमावशी तर माझ्याशी बोलतानाही 'आपले भैयाजी' म्हणतात आणि मी मान डोलावते. पण लग्नाच्या नवऱ्याला भैयाजी लिहायला हात काही वळेना. म्हणून जे तोंडात बसलंय तेच लिहिलं. तुम्ही फोन सोडलात, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. मावशी परवा महाराजांच्या आहारासाठी चौका लावायला, म्हणजे शुद्ध स्वयंपाक मांडायला, संघात येणार आहेत, त्यांच्याकडे हे देते.

तुमचा निरोप पोचला. आधी आप्पासोंनी सांगितला, मग मावशींनी, मग देवळातल्या पंचांनी. डिसेंबरात दीक्षेचा मुहूर्त धरताहेत. मंडपात सगळ्यांसमोर घरच्यांची अनुमती विचारतील, तेव्हा मी माईकवर 'माझी अनुमती आहे' एवढं म्हणायचं. बायकोची अनुमती असल्याशिवाय महाराज दीक्षा देणार नाहीत, हेही सगळ्यांनी सांगितलं. त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी घरचं आणि ऑफिसचं लिहिते. ताकाला जाऊन भांडं लपवते आहे असं वाटेल तुम्हाला, वाटू दे.

आप्पासोंचा गुडघा पुन्हा धरलाय. तरी देवळात चालत जातात आणि येताना रिक्षावाल्याशी भांडत येतात. दिवाळीत महावीरनिर्वाणाचे लाडू चढवायचे म्हणून त्यांनी मला भल्या पहाटे उठवलं. लाडू मी केले, पण देवळात उभ्या उभ्या डुलकी लागली आणि शेजारच्या बाईंनी कोपर मारून जागं केलं. सूर्यास्ताच्या आत त्यांचं जेवण व्हायला हवं, म्हणून ऑफिसातून मी उन्हं असतानाच निघते. ते जेवतात, मी आवरते आणि पुन्हा लॅपटॉप उघडते. तुमच्या वडिलांबद्दल तक्रार नाही. फक्त दमले आहे आणि ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पूर्वी तुम्हालाच सांगायची.

आता ऑफिस. दोन वर्षांपूर्वी तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे मिरजेच्या पूर्वेकडचा आपल्या जैन लोकांचा एकच द्राक्षगट होता. आता जतकडचा नवा गट आलाय आणि साताऱ्याकडचे स्ट्रॉबेरीवालेही आलेत. काम तेच. शेतकऱ्यानं छाटणीची तारीख कळवायची आणि आपण हवामान बघून कधी कसली फवारणी करायची त्याचा मेसेज धाडायचा. तुम्ही लिहिलेलं सगळं कोड अजून बिनतक्रार चालतं. नव्या गटांसाठी नवं लिहायला मात्र माणूस हवा होता, म्हणून वीरधवल म्हणून मेढ्याकडचे एकजण घेतले. तिशीतले आहेत, बायको साताऱ्यात नर्स आहे. तेही साताऱ्यातूनच काम करतात आणि सोमवारी एसटीनं इकडे येतात. कामाला वाघ, पण तुमच्या कोडापुढे सुरुवातीला बिचाऱ्यांची बोबडी वळली होती.

त्यांच्यासाठी मी उन्हाळ्यापासून एक खटाटोप केला. दोन अक्षरं टंकली की पुढची ओळ सुचवणारी तयार साधनं आता बाजारात ढिगानं आहेत. पण गटांशी आपला करारच असा की कोड ऑफिसच्या भिंतीबाहेर जाऊ द्यायचा नाही. म्हणून ऑफिसातल्याच एका यंत्रावर आपलं घरगुती साधन बांधलं. तुम्हाला हे येतं, तरी लिहिते, कारण तिकडे असलं तुमच्याशी कुणी बोलत नसेल. कोडाची प्रत्येक ओळ मोडून तिचे तुकडे करायचे. नाव हा एक तुकडा, कंस एक, बरोबरचं चिन्ह एक. ह्यांना टोकन म्हणायचं. मग सगळ्या कोडातून बघत जायचं की कुठल्या टोकनामागून बहुतेक वेळा कुठलं टोकन येतं. ते एकदा साधनाला कळलं की कुणी पहिला शब्द टंकला रे टंकला, पुढचा करड्या अक्षरांत आपोआप दिसतो. पटला तर टॅबची कळ दाबायची.

सांगायला सोपं, पण करताना घाम निघाला. तुम्ही सगळी नावं मराठी ठेवलेली, इंग्रजी लिपीत. तुकडे पाडायची तयार चाळणी इंग्रजीसाठी केलेली. तिनं 'फवारणी'ची खांडोळी केली आणि 'छाटणी'चा तर भुगाच केला. मग आपले शब्द अखंड राहतील अशी चाळणी मी पुन्हा बांधली आणि सगळं पहिल्यापासून दळलं.

ह्या निमित्तानं तुमचं सगळं कोड टोकनागणिक वाचून झालं. इतकी वर्षं शेजारी बसून जे दिसलं नाही ते आता दिसलं. तुम्ही कुठलंही नाव अर्धं तोडत नाही. बाकीचे दोन अक्षरांत भागवतात, तुम्ही पूर्ण नाव लिहिता. एखादी गोष्ट करण्याआधी ती बिघडली तर काय करायचं ते लिहिता. रेंज नसली तर, मेसेज पोचला नाही तर, शेतकरी गावाला गेला असला तर. एवढी काळजी करणारा माणूस एका सकाळी पिशवी खांद्याला लावून निघून कसा गेला, ते मात्र कुठल्याच टोकनात सापडलं नाही. मी शोधत होते असं नाही, पण नजर जायची.

साधन चालू झालं तेव्हा वीरधवलांनी कंदी पेढे आणले. मीही खूष होते. खरं सांगायचं तर नुसती खूष नव्हते. पहिला शब्द मी टंकायचा आणि पुढचा तुमचा यायचा. दोन वर्षांनी आपण पुन्हा एका टेबलाशी बसलोय असं वाटायचं. काही दिवस काम नसतानाही मी उगाच लिहीत बसले. हे तुम्हाला कळवताना लाज वाटते, पण कळवलं.

एक मात्र खटकतं. त्या कोडात माझंही थोडं आहे. सुरुवातीचे मेसेज मी लिहिले होते, आठवतंय ना? साधन ते कधीच सुचवत नाही. मोजणीत माझं कमी भरतं. मी माझ्या पद्धतीनं ओळ सुरू करते, ते तुमच्या पद्धतीनं ती संपवतं आणि मी टॅब दाबते. दमलेल्या माणसाला तेच बरं पडतं.

आता अनुमतीचं. आप्पासोंपाशी मी विषय काढला. म्हटलं, त्यांना एकदा येऊन माझ्याशी बोलून तरी जायला सांगा. ते म्हणाले, "आता येऊन काय बोलायचं हाय? त्याचं मन लागलंय तिकडं. आन् तुमाला पोरबाळ न्हाई, मग हितं अडकायसारखं हाय काय त्याला?" वाईट मनानं नाही म्हणाले, ते तसेच बोलतात. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढत होते. ती वाढून झाल्यावर आत गेले आणि तवा घासायला घेतला.

उत्तराला थोडा अवधी द्या. उपवास झेपतील तेवढेच करा, तुम्हाला पित्ताचा त्रास आहे हे तिथल्या लोकांना ठाऊक नसणार.

आपली,
चंदनबाला

•

सांगली,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

अहो,

जय जिनेंद्र. मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. मावशी म्हणाल्या, तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत आणि 'ठीक आहे' म्हणालात. काय ठीक आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या हातून एका बाईचं नुकसान झालंय. 'आपल्या' म्हणताना तुम्हालाही धरते आहे, रागावू नका.

महिन्याच्या सुरुवातीला जतकडे अवकाळी झाला. बागा फुलोऱ्यात. अशा वेळी पाऊस पडला की दावण्याची बुरशी यायला काय लागतं, तुम्हाला माहीत आहे. त्याच दिवशी फवारणी करा म्हणून गटाला मेसेज जायला हवा होता. गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला, पण तोवर पुन्हा पाऊस लागला आणि चिखलात ट्रॅक्टर घालता येईना. जुन्या बागायतदारांनी मेसेजची वाट न बघता आपल्या अकलेनं औषध मारलं होतं, ते वाचले. हरणाबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांची पहिलीच बाग. नवरा, अर्जुना, मेंढरं घेऊन बाहेर गेलेला. मेसेज येईल तेव्हाच मारायचं, असं गटाच्या बैठकीत मीच त्यांना बजावून सांगितलं होतं. त्या वाट बघत बसल्या. निम्म्या बागेत दावण्या घडांवर उतरला.

मेसेज का गेला नाही ते शोधायला वेळ लागला नाही. त्या दिवशी चतुर्दशी होती.

आपल्या गटासाठी तुम्ही अगदी पहिल्यांदा जे लिहिलंत त्यात फवारणीच्या प्रत्येक मेसेजआधी तिथी तपासलेली आहे. अष्टमी-चतुर्दशीला आपल्या बागांत औषध मारत नाहीत, निदान त्या दिवशी तरी जीव मारायचे नाहीत, म्हणून त्या दिवशी मेसेज अडवायचा आणि आदल्या दिवशीच धाडायचा. आपल्या लोकांना ते हवंच होतं, ते आदल्या दिवशी मारून मोकळे होतात. आता साधनानं काय शिकावं? तुमच्या सगळ्या कोडात फवारणीमागून तिथी येते, एकदाही चुकत नाही. तेव्हा वीरधवलांनी जतच्या गटासाठी 'फवारणी' टंकलं आणि करड्या अक्षरांत पुढे तिथी आली. त्यांनी टॅब दाबला. अडवण्याचा भाग आला. आदल्या दिवशी धाडण्याचा भाग तुम्ही दुसऱ्या फाइलीत ठेवलेला, तो काही आला नाही.

मी त्यांना विचारलं, अहो, तुमच्या मेढ्यात कुणी चतुर्दशी बघून औषध मारतं का? खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, दादांच्या कोडात हर फवारणीला ते व्हतं. मला वाटलं, चंद्राचं आन् बुरशीचं काय तरी शास्त्र असंल." मला हसू आलं आणि मग रडू आलं. त्यांना काय बोलणार? ते कोड जाण्याआधी तपासलं मीच होतं. ओळ न् ओळ वाचली होती. मला त्यात वावगं काही दिसलंच नाही, कारण लग्न होऊन आल्यापासून, आणि त्याआधी माहेरीही, चतुर्दशीला औषध मारायचं नसतं हे मी गृहीतच धरून चाललेय. दुसऱ्या कुणी तपासलं असतं तर लगेच विचारलं असतं, हे काय आहे म्हणून.

गुरुवारी मी आणि वीरधवल जतकडे गेलो. जाताना मनात बोलायची जुळवाजुळव करत होते, तांत्रिक अडचण वगैरे. वीरधवल गाडीत म्हणाले, वहिनी, खरं सांगून टाका, बाई अडाणी नाहीत. हरणाबाईंनी बाग दाखवली. घड हातात घेतला की मणी गळून पडत होते. त्या पुढे पुढे चालत होत्या आणि एकेक ओळ दाखवत होत्या. मी तिथंच उभी राहून सगळं सांगितलं. आमच्यात हा नेम असतो, तो माझ्या यजमानांनी आमच्या लोकांसाठी लिहिला होता, आणि तो न विचारता तुमच्या रानात आला. भरपाई देऊ, पुढची औषधं आमच्याकडून, हेही सांगितलं.

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाल्या, "आवं ताई, इचारलं असतंसा तर पाळली बी असती. आमी बी सोमवारी बैल जुपत न्हाई. द्येव सगळ्यांचंच हायत. पर कुनी इचारलंच न्हाई मला. माजं रान, आन् मलाच ठावं न्हाई कशापायी थांबले म्हनून."

मग आम्हाला बसवून त्यांनी ताक दिलं. वीरधवल सगळा वेळ चप्पल काढून जमिनीकडे बघत बसले होते.

जतकडे जायच्या आधीच, सोमवारी पहिलं काम म्हणून जतच्या गटातून तिथी काढली होती. साधनातही बदल केला. आता ते काही सुचवतं तेव्हा ते कुठल्या गटाच्या कोडातून आलंय हे शेजारी दाखवतं, आणि दुसऱ्या गटाचं असेल तर टॅब दाबून आत जात नाही, हातानं टंकावं लागतं. काम थोडं सावकाश होतं. वीरधवल कुरकुरत नाहीत.

येताना गाडीत मला हरणाबाईंचं बोलणं सोडेना. तुम्हाला कळेल का, माहीत नाही, पण लिहिते. अनुमतीचं मला आप्पासोंनी विचारलं. मावशींनी विचारलं. पंचांनी विचारलं, त्यांच्या बायकांनी विचारलं, देवळात फुलं विकणारीनं विचारलं. विचारलं म्हणजे काय, 'देणारच ना' असं म्हणाले. साडी कुठली नेसायची हेसुद्धा ठरलंय. मिरवणुकीच्या गाडीत मी कुठं बसायचं तेही ठरलंय. तुम्ही दोन वर्षांपूर्वी निघालात तेव्हा 'थोडे दिवस संघात राहून येतो' म्हणालात. मग ब्रह्मचर्याचं व्रत घेतल्याचं मला मावशींकडून कळलं. मी मान डोलावली. फोन सोडल्याचं आप्पासोंकडून कळलं, तेव्हाही डोलावली. प्रत्येक वेळी पुढचं तयार होऊन माझ्यासमोर आलं आणि मी टॅब दाबला. कुणी जबरदस्ती केली नाही.

धर्माशी माझं भांडण नाही. तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याआधीपासून मी दशलक्षण पर्वाचे उपवास करते. दीक्षेएवढं मोठं काही नाही हे मलाही मान्य आहे. म्हणूनच एवढंच विचारते, आणि ह्याचं उत्तर मात्र मला तुमचंच हवंय. तुम्ही स्वतः मला का विचारलं नाही?

हे पत्र मावशींच्या हातात देताना त्यांना सांगते आहे की उत्तर घेतल्याशिवाय येऊ नका.

आपली,
चंदनबाला

•

सांगली,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

सुकुमार,

जय जिनेंद्र.

नाव लिहिलंय ते चुकून नाही. मायन्याचा विचार ह्या वेळी करावा लागला नाही.

मावशी काल आल्या. तुम्ही हरणाबाईंच्या बागेचं वाचून दोन दिवस उपवास केलात, असं त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. आपल्या हातून नकळत अपराध झाला म्हणून प्रायश्चित्त मागितलंत म्हणे महाराजांपाशी. ऐकून मला बरं वाटलं. तुम्ही तसेच आहात, कुणाचं वाईट झालं की तुम्हाला अन्न जात नाही. हरणाबाईंना मी हे सांगणार आहे. त्यांची निम्मी बाग वाचली, घड बरे पोसताहेत. त्यांनी वीरधवलांच्या हाती मला मटकी धाडली.

मग मी मावशींना विचारलं, माझ्या प्रश्नाचं काय म्हणाले? त्या म्हणाल्या की तुम्ही हसलात आणि एवढंच म्हणालात, 'चंदन समजूतदार आहे.'

मी त्यांना चहा दिला आणि बसस्टॉपपर्यंत सोडून आले.

समजूतदार. मी सहावीत होते तेव्हा धाकट्या भावाला नवं दप्तर आणलं आणि मला जुनंच राहिलं, तेव्हा अण्णा हेच म्हणाले होते. आपल्या लग्नात तुमच्या आईंनी माझ्या आईला हेच सांगितलं. मूल होत नाही हे कळलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनीही माझ्या पाठीवर हात ठेवून हाच शब्द उच्चारला. उन्हाळाभर मी तेच काम केलंय, कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येतो ते बघायचं, त्यामुळे आता कान तयार झालाय. चंदन म्हटलं की पुढे समजूतदार येतो. कुणाला विचार करावा लागत नाही. तुम्हालाही लागला नाही. इतकी वर्षं ज्याच्याजवळ झोपले त्या माणसानं मी रडून विचारलेल्या प्रश्नाला तयार आलेला शब्द दिला आणि तो पुढे सरकला. ह्याचं मला फार वाईट वाटलंय. राग नंतर आला, आधी वाईटच वाटलं.

साधनाची गोष्ट वेगळी. त्याला मागचंच ठाऊक असतं. त्याच्यापुढे पूर्वी जे घडलं तेवढंच आहे, त्यातून ते पुढचं काढतं. त्याला दोष देऊन काय उपयोग? पण तुम्ही आणि मी माणसं आहोत. तुम्ही ह्या वेळी काहीतरी वेगळं म्हणू शकत होतात. 'भीती वाटली' म्हणाला असतात तरी मी समजून घेतलं असतं. 'तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही' म्हणाला असतात तर कदाचित त्याच क्षणी मी हो म्हणाले असते.

आज सकाळी आप्पासो देवळातून आल्यावर मी त्यांना सांगितलं. साडी परत पाठवा म्हटलं. ते गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. मग म्हणाले, "माजी आई बी अशीच गप बसायची. आमाला वाटायचं, तिला सगळं चालतंय." पुढे म्हणाले, "त्येला तू लिव्ह. मी मधी पडत न्हाई." आणि उठून आपलं ताट आपण घेतलं. त्यांचा मला एवढा आधार कधी वाटला नव्हता.

तेव्हा हे कुणाच्या तोंडून जायला नको म्हणून माझ्या हातानं लिहिते. मंडपात मी येणार नाही. माझी अनुमती नाही.

लोक बोलतील. पंच समजावायला येतील, बायका येतील. नवऱ्याच्या कल्याणाच्या आड आलेली बाई म्हणतील. म्हणू देत. दमले आहे खरी, पण एवढं सहन करण्याइतकं बळ अजून आहे. तुम्हाला वाईट वाटेल, कदाचित मुहूर्त जाईल, महाराजांसमोर तुमची मान खाली जाईल. ते सगळं मला दिसतंय. तरी खोडत नाही.

विचारायचं असेल तर या. ब्रह्मचाऱ्याला प्रवास वर्ज्य नाही. घरी या, माझ्यासमोर बसा आणि मी काय म्हणेन हे ठाऊक नसल्यासारखं मला विचारा. खरंच ठाऊक नाही ते. मलाही नाही. त्या दिवशी जे उत्तर देईन ते मी मंडपात, माईकवर, सगळ्या समाजासमोर पुन्हा सांगेन. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही.

तोवर मी कुणा भैयाजींची बायको नाही आणि कुणाची समजूतदार सूनही नाही.

तुमची बायको,
चंदनबाला